बीटाचा कंदील आणि रिकामी बोट

मित्रांनो, माझ्या अंगावर रंग किती उरलाय आणि गंज किती चढलाय, हे आता मलाही सांगता येणार नाही. मी एक जुनी मालवाहू बोट आहे. नाव ग्रीत्ये. ग्रोनिंगन शहराजवळ एका कालव्याच्या काठी लोखंडी पत्रे ठोकून मला घडवलं आणि पाण्यात सोडलं ते आडवं. कालवाच इतका अरुंद, की सरळ ढकलली असती तर समोरच्या काठावर जाऊन आदळले असते. जगात मी अशी कुशीवर लोळतच आले.

माझा तांडेल वीबे आणि त्याची बायको हिस्के. ग्रीत्ये हे वीबेच्या आईचं नाव. त्यामुळे कुठे पाणी झिरपलं की हिस्के मलाच म्हणायची, "सासूबाई, आज तरी गळू नका!" मागच्या अंगाला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. खिडकीत कुंड्या, दाराला पितळी कडी. त्यांची मुलगी येल्चे तिथंच जन्मली. ती चालायला लागली तेव्हा पाण्यात पडू नये म्हणून हिस्के तिच्या कमरेला दोरी बांधून दुसरं टोक माझ्या डोलकाठीला अडकवायची. त्या दोरीला बसणारे बारीक हिसके मला फार आवडायचे.

सातव्या वर्षी येल्चेला शहरातल्या वसतिगृहात ठेवावं लागलं. बोटीवरच्या सगळ्याच मुलांचं तसं. शाळा काही कालव्यातून वाहत येत नाही.

नोव्हेंबरात आमच्याकडे सेंट मार्टिनची संध्याकाळ असते. मुलं बीट कोरून कंदील करतात, दारोदार गाणी म्हणतात आणि खाऊ घेतात. शहरातली मुलं येल्चेला चिडवायची, "तुला कुठलं आलंय दार? तुझं घर तर पळतं!"

म्हणून त्या वर्षी ती बापाला म्हणाली, "बाबा, त्या संध्याकाळी बोट शहराच्या धक्क्याला लावा. मी सगळ्यांना आपल्या दारात गायला आणणार."

वीबेनं शब्द दिला. तेव्हा मी साखरबीट वाहत होते. त्यातलंच एक गोलमटोल बीट त्यानं तिला कंदिलासाठी निवडून दिलं.

त्या दिवशी सकाळपासून धो धो पाऊस. आधीचे कित्येक दिवसही तोच. साखर कारखान्यात बीट उतरवलं आणि मी रिकामी झाले. मित्रांनो, भरलेली बोट पाण्यात खोल बसते आणि रिकामी बदकासारखी वर तरंगते, एवढं ध्यानात ठेवा.

"वीबे, बटाटे भरून घेऊ," हिस्के म्हणाली. "पाणी बघ किती चढलंय. रिकामी बोट पुलाखालून जायची नाही."

"बटाटे भरण्यात दुपार जाईल. हलकी आहे तर पळेल तरी."

"पळेल, आणि पुलावर डोकं आपटेल."

"तू तुझी संत्री पूस गं!"

हिस्केनं खरंच मुलांना वाटायची संत्री पुसून परातीत रचली. शेजारी मसाल्याचा केक कापून ठेवला. आणि मी पळाले. काठावरच्या गाई पावसाकडे पाठ करून उभ्या होत्या, सायकलवाले टोप्या धरून वाकले होते, आणि मी त्या सगळ्यांना मागे टाकत होते. इतकी हलकी मी कधीच नव्हते. खोटं कशाला सांगू, मजा आली.

शहराच्या अलीकडे विटांचा एक पूल आहे, न उघडणारा. वीबेनं डोलकाठी आडवी केली, सुकाणूच्या खोलीचं छप्पर उतरवलं, फळ्या काढल्या, स्वतः भिजत उभा राहिला. तरी माझं वर आलेलं नाक वीतभर जास्तच ठरलं. पुलावरून एक म्हातारा ओरडला, "तांडेल, पूल उचलून धरू का जरा?" एरवी वीबेनं त्याला सव्याज उत्तर दिलं असतं. त्या दिवशी त्यानं बादली उचलली.

जन्मभर माझ्या पोटातलं पाणी उपसणारा माणूस. तो आता बादल्या भरभरून पाणी माझ्या पोटात ओतू लागला. हिस्केनं घागरा खोचला आणि तीही ओतू लागली. "बसा खाली, सासूबाई, बसा," ती पुटपुटत होती. तिच्या तोंडावरून पाऊस वाहत होता, की आणखी काही, कोण जाणे. बोटीनं बुडायची इच्छा करावी, असा तो दिवस होता. मी बसत होते, पण हळू. फार हळू.

अखेर पाठ खरवडून घेत मी पुलाखालून निघाले. धक्क्यावर पोचलो तेव्हा रस्त्यात एकही कंदील नव्हता. बोटी बांधायच्या खुंटावर येल्चे बसलेली, मांडीवर विझलेलं बीट. वसतिगृहाच्या बाई तिच्यावर छत्री धरून उभ्या होत्या. "मुलं बराच वेळ थांबली हो," त्या म्हणाल्या. "मग ती तरी किती थांबणार?"

हिस्केनं येल्चेला जवळ घेतलं. "चल, मी आत जाऊन दार लावते. तू कडी वाजव आणि गा. अगदी खरंखुरं."

हिस्के आत जाऊन परात घेऊन उभी राहिली. येल्चे बाहेर उभी राहिली. माझ्या पत्र्यावर फक्त पाऊस वाजत होता. मग कडी हलकेच वाजली.

"आई, उघड. मला थंडी वाजतेय."

बीट कितीतरी दिवस आत खिळ्याला सुरकुतत लटकलं होतं. वीबे पुन्हा कधी पावसात रिकामा निघाला नाही. पण अमुक संध्याकाळी ये, असंही त्याला पुन्हा कुणी सांगितलं नाही. येल्चे मोठी होऊन विटांच्या घरात राहायला गेली, पाण्यापासून लांब. वीबे थकला आणि मला विकलं. नव्या मालकानं माझ्यात मोडक्या सायकली भरल्या, पुढे तोही यायचा थांबला. आता मी त्याच धक्क्याला असते. पोटात पावसाचं पाणी साचलंय, ते कुणी उपसत नाही. आता त्या पुलाखालून मी सहज जाईन.

मित्रांनो, तुमच्या काठाला माझ्यासारखी कुणी पडली असेल, तर अधूनमधून तिच्यातलं पाणी काढा, तिच्या दाराची कडी पुसा. आणि कुणी तुमची वाट बघत असेल, तर पोचायच्या घाईत सोबत घ्यायचं वजन मागे ठेवून निघू नका.

नोव्हेंबरात मुलं अजून कंदील घेऊन इथून जातात. इथं कोण राहतंय म्हणून मला वगळतात. एखाद्या वर्षी थांबा ना माझ्यापाशी. द्यायला संत्री नाहीत माझ्याकडे. पण दार आहे, आणि आता ते कुठंही पळत नाही.