सायोकोची जीभ

माझ्या सुनेचं, सायोकोचं, वागणं मला कधी पटलं नाही. भांडत नाही, उलट बोलत नाही, दार आपटत नाही. काही सांगितलं की "हो आई." काही वाढलं की "छान झालंय आई." एकदा भात तळाला लागून घरभर धूर झाला होता, आमच्या ह्यांनी खोकत खोकत खिडक्या उघडल्या, तरी हिचं आपलं, "खमंग लागतोय आई." अशा माणसाशी बोलायचं तरी काय? गावातल्या बायका म्हणतात, नशीब काढलंस, गरीब गाय मिळाली. अगं, गाय निदान भूक लागली की हंबरते तरी.

इतकी वर्षं ते चालून गेलं, कारण तिच्या मताची मला गरजच नव्हती. माझी जीभ शाबूत होती. मग ऑक्टोबरात, शेतातली रताळी काढायच्या ऐन घाईत, मला ताप आला. ताप गेला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. आधी वाटलं, येईल चार दिवसांत. नाही आली. झाडाचं पिकलं पर्सिमॉन खाल्लं तर ओला कापूस चावल्यासारखं वाटायचं. मुळ्याचं लोणचं नुसतं कुरकुरायचं, चहा म्हणजे गरम पाणी.

कुणाला सांगितलं नाही. ह्यांना सांगितलं असतं तर टीव्हीवरची नजर न काढता "हं" म्हणाले असते. मुलगा यासुताका मालाच्या ट्रकवर असतो, त्यानं फोनवरून दहा डॉक्टर सुचवले असते. आणि नणंदेच्या कानावर गेलं असतं तर संपलंच.

नणंद म्हणजे तामिको वन्सं. ह्यांची धाकटी बहीण, दिली शेजारच्याच गल्लीत, त्यामुळे माहेर तिचं कधी सुटलंच नाही. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी दुपारी ती येते, सणाच्या जेवणाच्या लाखेच्या थराथरांच्या डब्याचं झाकण स्वतः काढते, आणि कोळंबी, काळे घेवडे, माशाची अंडी सगळं सोडून आधी किंतोनला हात घालते. किंतोन म्हणजे काय, तर रताळी उकडून, चाळणीतून मऊसूत घासून, साखरेच्या पाकात घोटायची आणि आत गोड चेस्टनट सोडायचे. दिसायला सोनं. वर्षभर घरात बरकत राहावी म्हणून खायचं. पण आमच्या घरात त्यावर बरकतीपेक्षा जास्त काहीतरी ठरतं.

माझी सासू असताना उलथणं तिच्या हातात होतं. एका वर्षी तिचा किंतोन पातळ झाला. तामिको वन्संनी एक घास घेतला आणि सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाली, "आईचा हात गेला." एवढंच. पोटच्या पोरीनं. दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघर माझं झालं आणि सासूबाई खिडकीशी बसायला लागल्या. पुढे चहा हवा का, एवढंही त्यांना कुणी विचारीना. आणायचा आणि समोर ठेवायचा. मी ते रोज पाहिलंय. म्हणून मी गप्प राहिले.

रोजच्या जेवणाचं निभत होतं. सूप, भात, उकडलेल्या भाज्या, सगळं हाताला पाठ असतं. जीभ नसली तरी हात चुकत नाही. निदान कुणी काही बोललं नाही. किंतोनचं तसं नाही. दरसालचं रताळं वेगळं. आमची नारुतोची रताळी समुद्राच्या वाळूतली, खोदून ठेवली की दिवसागणिक गोड होत जातात, आणि कोणत्या साली किती, ते चाखल्याशिवाय देवालाही कळत नाही. साखर कमी पडली तर भाजी, जास्त पडली तर औषध.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी सकाळी मी रताळी सोलायला बसले. साल जाड काढायची, आतल्या रेघेपर्यंत. कंजूसपणा केला की शिजल्यावर रंग काळवंडतो. सायोकोही शेजारी बसून सोलत होती. तिची साल माझ्यासारखीच जाड पडत होती. मी कधी शिकवलं नव्हतं.

पाण्यात अनंताची वाळकी बोंडं फोडून टाकली, त्यांचा पिवळा रंग चढला. आमच्याकडे या बोंडाला 'बिनतोंड्या' म्हणतात, पिकलं तरी उकलत नाही म्हणून. मग घोड्याच्या केसांची चाळण. गरम असतानाच घासावं लागतं, थंड झालं की चिकट होतं. माझा उजवा खांदा गेल्या वर्षापासूनच कुरकुर करतोय. यंदा एकेका मुठीला डोळ्यांपुढे काजवे चमकत होते.

"आई, मी घासू का?" सायोको म्हणाली.

"तू माशाची अंडी बघ."

"हो आई."

बघा. जरा हट्ट धरला असता तर मी दिलंही असतं. इतकी थकले होते.

आदल्या दिवशी घराची वर्षअखेरची झाडलोट झाली होती. फळीवरचे सगळे डबे सायोकोनं उतरवून, धुऊन, पुसून परत लावले होते. मी डब्यावरची अक्षरं वाचत बसत नाही. अक्षरांशी माझं लहानपणापासून वाकडं. माझा हात जिथे जातो तिथे ती वस्तू असते, गेली पन्नास वर्षं असते. हात डावीकडच्या डब्यावर गेला, डाव भरभरून मी कढईत रिकामे केले, चेस्टनटचा पाक ओतला, आणि घोटायला लागले.

घोटता घोटता माझ्या लक्षात आलं की चकाकी येत नाहीये. साखर विरघळली की रताळ्याला तेल चोपडल्यासारखी झळाळी येते. हा गोळा मात्र भिंतीला लावायच्या मातीसारखा मेलेला दिसत होता. मी चमचाभर तोंडात घेतलं. गरम. मऊ. बाकी काही नाही.

"सायोको, चाखून बघ."

तिनं चमचा तोंडात घातला. क्षणभर तिची मानच हलेना. मग घशातून काहीतरी खाली गेलेलं दिसलं, डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या.

"छान झालाय आई."

मला बरं वाटलं नाही. मी ह्यांना हाक मारली. हे खाली शेगडी असलेल्या टेबलाच्या रजईतून कुरकुरत उठून आले, चमचा घेतला, डोळे मिटले.

"हं," म्हणाले. "नेहमीसारखा."

आणि मग हे सरळ मोरीवर गेले, नळाला तोंड लावून पाणी प्यायले. आमचे हे! ज्यांनी लग्नानंतर चहा आणि साके दारू सोडून पाण्याला तोंड लावलेलं मी पाहिलं नाही. वळून बघते तर सायोकोच्या हातात दुसरा पेला.

मी गॅस बंद केला.

"काय आहे त्यात?"

"काही नाही आई, जरा—"

"सायोको. मी विचारलंय."

ह्यांनी वेळ ओळखली आणि टीव्हीकडे पळ काढला. सायोकोनं पेला खाली ठेवला.

"मीठ आहे आई. साखर नाहीच, सगळं मीठ आहे. काल डबे पुसून ठेवताना माझ्याकडूनच उलटसुलट झाले. चूक माझी आहे."

"ती तर आहेच. पण मी पण खाल्लं की आत्ता. मला नको कळायला?"

तिनं पेल्याखालचं सांडलेलं पाणी पुसायला घेतलं.

"बोल."

"तुम्हाला ऑक्टोबरपासूनच कळत नाहीये, आई."

मी स्टुलावर बसले.

"कुणी सांगितलं तुला?"

"सूपनं. एक दिवस नुसतं पाणी, दुसऱ्या दिवशी तोंडात धरवेना. तुम्ही बाबांना जेवायला हाक मारायला गेलात की मी ते सारखं करत होते. कधी सोयाबीनचा खारट मिसो घालायचे, कधी पाणी."

"रोज?"

"रोज."

म्हणजे इतके महिने मी जे वाढत होते ते माझं नव्हतंच. माझ्या पाठीमागे दुसऱ्याच कुणाचा हात फिरत होता, आणि मी पानावर बसून सगळ्यांच्या तोंडाकडे बघून समाधान मानत होते. आगीसारखा राग आला. पण तो बाहेर काढायलाही अंगात जोर हवा.

"मग किंतोनला का नाही हात लावलास?"

"सूप कुणाचंही असतं. किंतोन तुमचा आहे."

"आणि तोंड? ते उघडायला काय झालं होतं?"

"ते या घरात कधी उघडलं होतं, आई?"

तिनं हे चिडून नाही म्हटलं. भाजी कापताना भाव सांगावा तसं म्हटलं. तिनं कढई उचलली आणि सगळं मोरीत ओतलं. मग पडवीतून नवी रताळी घेऊन आली.

मी उठले नाही. तिनं सोललं, उकडलं, चाळणीवर घासलं. तिच्या खांद्याला दम आहे. साखर घातली, डबा उघडून आधी बोटानं चाखून, मग. घोटलं, चाखलं.

"अजून नाही," म्हणाली.

"घाल की मग एक डाव."

"डाव नको. अर्धा." पुन्हा घोटलं, पुन्हा चाखलं. "अजून नाही."

"संध्याकाळ होईल तुझी."

"होऊ दे. आणि आई, चेस्टनट फार मोठे ठेवलेत. दोन-दोन तुकडे करा."

मी सुरी घेतली आणि तुकडे केले. माझ्या चेस्टनटना नावं ठेवणारी माणसं या गावात फार झाली नाहीत.

शेवटी कढईत ती झळाळी आली. सायोकोनं चमचा माझ्यापुढे धरला.

"मला काय दाखवतेस?" मी म्हटलं. "डब्यात भर."

दुसऱ्या दिवशी दुपारी तामिको वन्सं आली. नवा कोट, ओठांना लाली. "नवं वर्ष सुखाचं जावो दादा, वहिनी, काय गं सायोको, जाडी झालीस की काय," असं सगळं एका दमात. यासुताका पहाटे ट्रक लावून आला होता, तो कोपऱ्यात बसल्या बसल्या पेंगत होता. साके ओतून झाली. वन्संनी झाकण काढलं.

पहिला घास घेऊन ती थांबली. दुसरा घेतला. मी जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या.

"वहिनी," ती म्हणाली, "हात बदललाय."

"कसला हात?"

"मला शिकवू नको. या घरचा किंतोन मी जन्मापासून खातेय. तुझा म्हणजे साखर दातात वाजते. आजवर कोणी सांगितलं नाही तुला, भीतीनं. याच्यात रताळं लागतंय." तिनं पुन्हा वाढून घेतलं. "हा तुझा नाही. काय झालंय तुला? बरं नाही का? आईचंही असंच सुरू झालं होतं, आठवतंय ना, आधी किंतोन, मग—"

"आत्या, किंतोन आईंनीच केलाय," सायोको म्हणाली. चेहरा शांत, आवाज गोड. "मी फक्त भांडी घासली. रताळी यंदा चांगली निघालीत, म्हणून तसं लागत असेल."

हे माझ्याकडे बघत होते. यासुताकानंही डोळे उघडले. मला नुसतं "हो" म्हणायचं होतं. एक वर्ष निभलं असतं, कदाचित दोन. सायोको सूप सारखं करत राहिली असती, डबे वाचत राहिली असती, आणि मी या जागेवर, उलथणं हातात धरून, गरम आणि मऊ यापलीकडे काही न कळता बसले असते. त्याच्या विचारानंच मला झोप यायला लागली.

तामिको वन्सं बोलता बोलता डब्यातून तिसऱ्यांदा वाढून घेत होती.

मी सुनेकडे वळले.

"सायोको, तुझ्याइतकी खोटारडी बाई या अख्ख्या नारुतोत नसेल. किंतोन तू केलास. मला जिभेला काही कळत नाही, म्हणून तू केलास, आणि हे वन्संना आत्ताच कळू दे, म्हणजे गावभर सांगायला तिला संध्याकाळ मोकळी मिळेल. मी खिडकीशी बसणार नाही. मी या इथेच बसून तुला कामं सांगणार, आणि चव तू बघणार. आणि झालाय चांगला. मला नाही कळत, पण तामिकोची वाटी मला दिसते. ही बाई वाईट वस्तू फुकट मिळाली तरी दोनदा खात नाही."