शेऱ्याचा रकाना

स्टुडिओतल्या फ्रिजात दुधाच्या पिशवीला टेकून कोंबडीच्या कातड्यांची बादली ठेवली होती. थोरल्या सुनेने दूध काढायला दार उघडलं आणि हात न घालताच लावून घेतलं. कातड्या पिवळट होत्या, एकमेकींना चिकटलेल्या, आणि वरच्या एकीवर दोन पिसं अजून तग धरून होती. त्या दुपारी तिने सगळ्यांना कोरा चहा दिला. कुणी कारण विचारलं नाही, म्हणजे बादलीची खबर सगळ्यांना होती. फक्त तिलाच सांगायचं राहिलं होतं.

बादली अर्थातच धाकट्या दिराची. आठवड्यातली एक दुपार स्टुडिओ बंद असायचा, आणि ती दुपार भाऊजींच्या कलेला दिलेली होती. आजवर त्यांचे तीन प्रकल्प झाले होते: गंजलेली कुलुपं, रिकाम्या खुर्च्या आणि माणसांचे कान. कानांच्या वेळी बारा कान जमले, त्यातले सात घरातलेच. सातवा कुणाचा आणि त्याचा जोडीदार का वगळला, हे कोडं तिला अजून सुटलेलं नव्हतं. चौथा प्रकल्प स्वप्नांचा होता. स्वतः भाऊजींना स्वप्नं पडत नसत, निदान सांगण्याजोगी तरी. पण या खेपेला त्यांच्या हाताला सासऱ्यांचं रजिस्टर लागलं होतं.

सासऱ्यांनी उभा जन्म ओळखपत्रांचे फोटो काढले. हसा म्हटलं की गिऱ्हाईक दात दाखवतं, हसू नका म्हटलं की चोरासारखं दिसतं, हे त्यांना फार लवकर कळलं होतं. म्हणून ते कॅमेऱ्यामागून हळूच विचारत, काल काय स्वप्न पडलं. माणूस आठवायला लागला की जबडा सैल पडतो, कपाळ उतरतं, आणि क्षणभर चेहरा त्याचा स्वतःचा होतो. तेवढ्यात ते बटण दाबत. मग मात्र स्वप्न शेवटपर्यंत ऐकून घेत, आणि गिऱ्हाईक गेल्यावर रजिस्टरात नंबर, तारीख, प्रती यांच्यापुढे जो शेऱ्याचा रकाना होता, त्यात दोन-तीन ओळींत ते उतरवून ठेवत. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. ते गेल्यावर रजिस्टर माळ्यावर गेलं आणि महिन्यापूर्वी भाऊजींबरोबर खाली आलं.

भाऊजी टेबलाशी उभे राहून आखणी वाचून दाखवू लागले. बारा स्वप्नं, बारा फोटो. एकात कपाटभर ओले केस. एकात बाळाच्या तोंडात म्हाताऱ्याची कवळी. एकात जिभेच्या आकाराची उशी, वर लाळेसाठी साबुदाण्याची पेज. सांगताना त्यांच्या ओठांच्या कडांना फेस जमत होता आणि ते तो जिभेने टिपून घेत होते. तिने नजर टेबलावर ठेवली, तर तिथे कवळी होती. कुणाची तरी वापरलेली.

ऐकायला आणखी दोघं होते. एक तिचा नवरा, जो कोपऱ्यात बसून वायर गुंडाळत होता. अडचणीची वेळ आली की तो वायर गुंडाळायचा. लग्नाला वीस वर्षं झाली होती आणि स्टुडिओतली एकही वायर कधी विस्कटलेली नव्हती. दुसरा व्यायामशाळेचा मास्तर, जो मॉडेल म्हणून आला होता आणि कमरेला फक्त पंचा गुंडाळून स्टुलावर बसला होता. मास्तरच्या कानावर पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत व्यायामशाळेतल्या डंबेल्सनाही पाठ झालेली असे.

"आणि हा मुख्य फोटो," भाऊजी म्हणाले. "नंबर एकतीसशे सतरा."

तिने हातातला कप खाली ठेवला.

भाऊजींनी शेरा वाचला. एक मुलगी आजारी वडिलांना टबात अंघोळ घालते. उकडलेल्या बटाट्याचं साल निघावं तशी त्यांची कातडी निघत जाते. आत रक्त नाही, मांस नाही, नुसता नवा कोरा साबण. ती सोलत जाते. वडील संपतात. तिला फार हलकं वाटतं.

मास्तरने पोट धरून हसून घेतलं आणि विचारलं, कोण ही बया, बापाचं साल काढणारी. भाऊजी म्हणाले, कोण का असेना, मन विलक्षण आहे. मग त्यांनी बेत समजावला. मास्तरच्या पाठीवर मैद्याच्या खळीने कोंबडीची कातडी चिकटवायची, टबात बसवायचं, आणि एका मुलीने ती नखाने ओढायची. प्रत्येक फोटोखाली मथळा एकच: रजिस्टरातला नंबर.

ती या स्टुडिओत पहिल्यांदा आली ती नोकरीच्या अर्जाला फोटो हवा म्हणून. त्याआधी अकरा महिने तिने वडिलांचं सगळं केलं होतं. पाठीवरच्या जखमा, त्यांतून येणारा गोड वास, नखांखाली अडकून राहणारा तो वास, हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. कॅमेऱ्यामागच्या अनोळखी म्हाताऱ्याने विचारलं आणि स्वप्न तोंडातून निघून गेलं. म्हातारा हसला नाही. एवढंच म्हणाला, आणखी एक काढतो, हनुवटी जरा खाली घे पोरी. पुढे तिला तिथेच फोटो साफ करायचं काम मिळालं, मग थोरला मुलगाही मिळाला. वीस वर्षं ती लोकांच्या चामखिळी, पुटकुळ्या, डाग पुसत होती.

त्या फोटोची एक प्रत ताईकडे होती. थोरल्या बहिणीच्या पर्समध्ये, इतक्या वर्षांनंतरही. ताई भेटेल त्याला तो दाखवायची आणि म्हणायची, हिने बाबांचं हसत केलं हो, मला नाही जमलं. फोटोच्या मागे शिक्का होता. एकतीसशे सतरा.

"भाऊजी, नंबर घालू नका," ती म्हणाली.

भाऊजींनी समजुतीच्या सुरात सांगितलं की रजिस्टरात कुणाचंही नाव नाही, नुसता नंबर आहे, त्यातच तर गंमत आहे. फोटोवाल्याच्या घरात जन्मलेला माणूस हे बोलत होता. गावातल्या निम्म्या कपाटांत या स्टुडिओचे फोटो पडले होते, जादा प्रत लागली तर म्हणून प्रत्येकाच्या पाठीवर नंबर होता, आणि नावांची कार्डं तिच्याच टेबलाच्या खणात होती. नंबर म्हणजेच पत्ता. पण भाऊजींनी जन्मात कधी जादा प्रत काढली नव्हती.

तिने रजिस्टर पुढे ओढलं, थुंकी न लावता पानं मागे उलटली आणि वाचलं, "बाराशे सहा. वय वर्षं नऊ. भर वर्गात शी झाली. सगळे उठून टाळ्या वाजवू लागले. अजून करावंसं वाटलं."

मास्तरने कुणाचा नंबर ते विचारलं नाही. भाऊजींचे लाल झालेले कान बघूनच त्याला कळलं असावं.

"यात दृश्य नाही," भाऊजी म्हणाले.

"आणि माझ्यात आहे?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. वायर पूर्ण गुंडाळून झाली होती, तरी तो गुंडाळतच होता.

"मला वाटलं, तू विसरली असशील," तो म्हणाला.

म्हणजे त्याने वाचलं होतं. लग्नाआधीच कधीतरी वाचलं असणार, आणि महिनाभर भावाच्या तोंडून हा बेतही ऐकला असणार. तिच्या तोंडात कोऱ्या चहाची कडू चव वर आली. जखमा धुताना जी किळस यायची तिला निदान कारण होतं. इथे तर सगळे अंघोळ करून आलेले होते.

भाऊजींचा चेहरा मात्र हळूहळू उजळत गेला. ते टेबलाला वळसा घालून आले आणि तिचा हात दोन्ही हातांत धरला. त्यांचे तळवे ओले होते.

"वहिनी, मग मुलगी शोधायलाच नको. तुम्हीच ओढा ना कातडी. अस्सल होईल."

तिने हात सोडवला आणि साडीला पुसला. एकदा पुसून भागेना म्हणून पुन्हा पुसला. मग रजिस्टर आपल्या टेबलाच्या खणात, नावांच्या कार्डांवर ठेवलं आणि किल्ली कमरेला खोचली. फ्रिजातून बादली काढून नवऱ्यापुढे ठेवली. म्हणाली, "टाकून या."

त्याने बादली उचलली, हात लांब करून, मान वळवून, ओठ घट्ट मिटून. वीस वर्षांत पहिल्यांदा त्याचा चेहरा फोटो काढण्यासारखा झाला होता. मास्तर पंचा सावरत कपड्यांकडे सटकला. त्याच्या चालण्याची घाई तिने ओळखली. गोष्ट ताईपर्यंत पोचायला संध्याकाळही लागणार नव्हती.

तिने ताईला फोन लावला आणि पर्समधला फोटो काढायला सांगितला.

"मागचा नंबर वाच."

ताईने वाचला. मग तिने ताईला शेऱ्यातलं सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. वडील संपले आणि हलकं वाटलं, इथपर्यंत.

"साबण कुठला होता?" ताईने विचारलं.

"त्यांचाच. हिरवा."

"तो अजून कुठे दिसला तर मी दुकानातून बाहेर येते," ताई म्हणाली. "नाक धरून. बाबांच्या खोलीच्या दारातून परत फिरायचे ना, तशी."