तीन पदरांचा बांध

सुई अजून कापडातच होती, शेवटच्या बांधावर, अर्ध्या टाक्यात. आणि नेढ्यातून लोंबणारा मातकट दोरा तीन पदरांचा होता. दिनानाथने तो चिमटीत धरला. तीन. बोटांनाच कळलं, डोळे लागले नाहीत. लडीतले सहा पदर सोडवून द्यायचं काम त्याचंच असायचं. बायकोच्या, रतनच्या हातून गुंता व्हायचा आणि मग ती लडीवर चिडायची.

भरतकामातलं हे चित्र त्यांच्या मिठागराचं. आता तिथे कंटेनर रचलेत, म्हणून सगळं आठवणीतून – ती टाके घालायची, तो सांगायचा, पाणी आटत आलं की वाफ्यात गुलाबी झाक येते, नुसतं पांढरं नको. सुरुवात तिने वरून केली. आभाळ एका पदरात, रेघेला रेघ लावून, केसासारखं. कर्नाळ्याचा सुळका एका पदरात. मग खाडीकाठची तिवरं. तिवरं झाल्यावर एक दिवस म्हणाली, आता दोन द्या. पुढे तीन. का, म्हणून विचारलं, तर मान वर न करता म्हणाली, "आवो, लांबचं बारीक दिसतं न् जवलचं जाड. येवढी वर्सं बांधावर उभं ऱ्हायलात, ह्ये कललं न्हाय?"

पटलंच होतं त्याला. नंतर तो येईल-जाईल त्याला हेच सांगायचा. तिच्या दहाव्याला आलेल्या पाहुण्यांनाही चित्रासमोर उभं करून समजावलं होतं, लांबचं एकेरी, जवळचं तिहेरी... आणि सून कल्पिता चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ऐकत.

आज सकाळी तीच बोलून गेली. वर्षश्राद्धाआधी चित्र फ्रेमला द्यायचं, खालची कोरी पट्टी आत दुमडायची, असं तिचं चाललं होतं. आणि सहज, खरंच सहज, म्हणाली की आईंना पुरं करायचं होतं, म्हणून तर शेवटी जाड दोऱ्याने घाई केली. घाई कसली, त्याने विचारलं. तिचा चेहरा उतरला. मग सगळं बाहेर आलं – पनवेलच्या डॉक्टरांनी तिवरांच्या वेळेसच सांगितलं होतं, थोडेच महिने आहेत.

"शपथ घातली होती त्यांनी, बाबा. म्हणाल्या, त्यांना कळलं तर ते दोरा सोडवतील का रडत बसतील?"

म्हणजे मी तिच्या शेजारी बसून पदर सोडवत होतो, दोन, मग तीन, आणि तिला विचारत होतो, पुढल्या वर्षी थळचा किनारा काढायचा का... हो म्हणाली होती. निळ्या लड्या आणून ठेवा म्हणाली होती. आमटीत मीठ जास्त पडलं तर पहिल्या घासाआधी सांगणारी बाई – एवढं मोठं गिळून बसली, आणि वर मलाच शिकवलं, जवळचं जाड दिसतं म्हणून. सुनेला सांगितलं. मला नाही. रडलो असतो, हो. तो हक्क होता माझा, तिच्यासमोर रडायचा, ती असताना. आता रडायचं ते कुणापुढे?

दुपारी कल्पिता पिशवी घेऊन दारात आली. उरणला निघाली होती. चित्र न्यायचं का, पट्टी दुमडू का, तिने खालच्या आवाजात विचारलं.

"तिलाच इचार," तो म्हणाला. "मला या घरात कोन काय सांगतं?"

कल्पिता जागच्या जागी थांबली. वाक्य त्याच्याही कानावर पडलं. रतन गेल्यापासून तिचं नाव निघालं की त्याचा आवाज देवळात शिरल्यासारखा खाली यायचा. हा तो आवाज नव्हता. हा जुना, रतनशी भांडतानाचा. असा बोलला की तो पाठ फिरवून बसायचा, आणि आधी कोण बोलतं, यावर दोघांचे दोन-दोन दिवस जायचे.

तो भिंतीकडे तोंड करून बसला. या वेळी आपण आधी बोलायचं नाही, एवढं त्याने ठरवलं.