शेवटची जांभळी पट्टी

ज्या वस्तूने पट्टी लाल झाली ती ओट्याकडच्या भिंतीला जाऊन चिकटली आणि जिने निळी झाली ती दाराकडच्या. ताक वाटीसकट सरपटत गेलं, पण थेंबभरही सांडलं नाही. सातवीतल्या मृणालीने वहीत लिहिलं : ताक, आम्ल, लाल. शाळेने तिला जांभळ्या लिटमसच्या दहा पट्ट्या दिल्या होत्या. लिंबू, चिंच, कोकम ओट्याकडे गेली. धुण्याची पावडर आणि खायचा सोडा दाराकडे. पाण्याने पट्टी जांभळीच राहिली आणि पाण्याचा तांब्या खोलीच्या मध्यावरच थांबला.

"माझं बोट बघ गं," आई म्हणाली. ती लोणच्यासाठी लिंबं चिरत होती. पट्टी लाल झाली. आई विळीसकट ओट्याकडे सरकत गेली आणि तिथेच बसून उरलेली लिंबं चिरायला लागली.

लोकांच्या भिंतींना चुना देऊन पप्पा कामावरून आले. त्यांनी मृणालीचा हात धरून सगळं ऐकून घेतलं आणि ते हसले. "तुझी आई आंबट आहे हे मला लग्नातच कळलं होतं. पट्टी कशाला वाया घालवलीस?"

"मोठे आलेत सांगणारे! आधी स्वतःचं बघा," आई म्हणाली.

त्यांनी बोट पुढे केलं. पट्टी निळी झाली. त्यांची पाठ दाराकडच्या भिंतीला टेकली ती टेकलीच.

मग खोली लांबायला लागली. कोणी बोललं की मध्ये फरशांची एक ओळ वाढायची. आईचे हात धुवावेत म्हणून मृणालीने तांब्या उचलून पाहिला. तो हलेना. पप्पा जागच्या जागी चालत राहिले; त्यांच्या पायांखाली फक्त नव्या फरशा येत होत्या.

एक पट्टी उरली होती.

"तू माझ्याकडेच येणार," आई म्हणाली. "कैऱ्या खाऊनच वाढलीस."

"तिच्या हाताला माझा चुना लागलाय," पप्पा म्हणाले.

दोन ओळी वाढल्या. आईच्या हातातलं लिंबू आता दिसत नव्हतं.

"मग नकोच लावूस," आई म्हणाली. तिचा आवाज अर्धाच पोहोचला.

मृणालीने हिशेब केला. पट्टी लावली तर दोघांपैकी एक मिळणार होतं. नाही लावली तर थोड्या वेळाने कोणाचंच बोलणं ऐकू येणार नव्हतं. तिने पट्टी जिभेवर ठेवली आणि तोंड मिटलं.

"दाखव," दोन्हीकडून आवाज आला.

पट्टी जिभेवर मऊ होत गेली. कुठल्या रंगाची झाली ते तिलाही ठाऊक नव्हतं. तिने ती गिळली.

तिच्या दोन्ही वेण्या खांद्यांवरून हळूहळू उचलल्या गेल्या आणि आडव्या ताठ झाल्या. एक ओट्याकडे, एक दाराकडे.