परत घागरीत

सिदूला माझ्याआधी काही सुचलं की माझ्या पोटात दुखतं. आज कबूल करतो. तेव्हा मी त्याला 'अभ्यासू मतभेद' म्हणायचो.

आम्ही दोघं चकलांब्याचे, बीडच्या कॉलेजात एकाच वर्गात, जाणं-येणं एकाच एसटीनं. शेवटच्या वर्षाला प्रत्येक गटानं एका गाण्याचा व्हिडिओ करायचा होता. आमचं गाणं वर्गातल्या अंजनानं म्हटलेलं, पाण्याला निघालेल्या बाईचं. दुष्काळाचं सलग तिसरं वर्ष होतं, त्यामुळं विषय हुडकायला लांब जावं लागलं नाही. फक्त दिग्दर्शक कोण, ते ठरायचं होतं. तो मला व्हायचं होतं. पडद्यावर पहिलं नाव माझं, बाकीचे खाली.

मी पंधरा दिवस खपून वहीत बेचाळीस चौकटी काढल्या. कुठला शॉट कुठून, ऊन कुठल्या अंगानं, बाई कुठं वळणार, सगळं. दुधाच्या कॅनचं झाकण उन्हात धरून चेहऱ्यावर उजेड कसा पडतो, तेही करून पाहिलं. व्हिडिओ शिकवणाऱ्या पंडित सरांनी वही चाळली आणि म्हणाले, "ठीक आहे."

सिदूनं वही आणलीच नव्हती. त्यानं मोबाइल पुढं केला. सुपातली बाजरी जमिनीवर ओततानाचा व्हिडिओ काढून त्यानं तो उलटा चालवला होता. दाणे भुईवरून टणाटण उडत सुपात जाऊन बसत होते. सर दोनदा बघून हसले, तिसऱ्यांदा त्यांनी मोबाइल स्वतःच्या हातात घेतला.

"हेच पाण्यानं कर," ते म्हणाले. "भेगाळलेल्या जमिनीतून पाणी उठून घागरीत शिरलं पाहिजे. शनिवारी दोघांचे नमुने बघतो, मग दिग्दर्शक ठरवू."

पंधरा दिवसांची माझी मेहनत एका सुपाखाली गेली. माझे वडील आश्रुबा गावातल्या दूध संस्थेचे सचिव, सिदूचं घर मेंढरांमागं फिरणारं. सचिवाच्या पोराला जे सुचलं नाही ते याला कसं सुचलं, असा घाणेरडा विचार मी केला, आणि तो करताना मला लाजही वाटली नाही.

परतीच्या एसटीत सिदू म्हणाला, "उत्र्या, घागरभर पानी भुईवर सांडायचं म्हंजे लई अवघड हाय. टँकर चौथ्या दिवशी येतोय. कोन देईल बे?"

कोणाला मागायची गरजच नव्हती. संस्थेत रोज सकाळी दूध गोळा झालं की तिथला गडी म्हाळू मागच्या बाजूला कॅन धुतो आणि धुणाचं दोन पिंप पाणी चरात ओतून देतो. सोड्याचं पाणी. जनावर त्याला तोंड लावत नाही, झाडाला ते चालत नाही. हवं तेवढं सांडा, कोणी विचारणार नाही. हे मी लहानपणापासून बघत आलो होतो, आणि त्या वेळी ते अगदी माझ्या ओठांवर आलं होतं.

"अवघड तर हायच," मी म्हणालो. "दुसरं कायतरी बघ."

आणि खिडकीबाहेर बघत बसलो. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

गुरुवारी सिदू दारात आला. "आई देते म्हनली. तिच्या वाट्याची घागर. पर मोबाइल तुझा चांगला हाय अन् तुझा हात हालत न्हाई. तूच काढ."

माझ्याच हातानं मला हरवायला निघाला होता, आणि त्याला ते कळतही नव्हतं. नाही म्हणायला कारण सापडलं नाही, म्हणून गेलो.

कोरड्या पाझर तलावात सिदूची आई, भिवराबाई, घागर काखेत धरून उभी राहिली. सिदूनं तिला तीनदा समजावलं, की हळूहळू ओतायचं, सगळी घागर रिकामी करायची. मी मोबाइल लावला. तिनं घागर वाकडी केली. धार पडली, भेगेत शिरली, आणि घागर अर्धी झाली तशी तिनं ती झटक्यानं सरळ केली.

"आई, समदं वत की."

"हात वळंना रे," ती म्हणाली. "आपसूक उभा ऱ्हातोय."

तिघंही भुईकडं बघत राहिलो. ओल आमच्या डोळ्यांदेखत गेली. संस्था तिथून हाकेच्या अंतरावर होती. अजूनही सांगता आलं असतं. मी म्हणालो, "उन्हं कलायलीत, लवकर करा."

भिवराबाई घरी जाऊन घागर पुन्हा काठोकाठ भरून घेऊन आली. वरचं पाणी कोणाच्या वाट्याचं, ते तिनं सांगितलं नाही. या वेळी तिनं डोळे गच्च मिटले आणि शेवटच्या थेंबापर्यंत ओतलं.

हात मात्र माझा हलला नाही. तेवढा माजही होता.

शनिवारी सरांनी ते उलटं चालवून पाहिलं. डोळे मिटलेली बाई, रिकामी घागर. भेगेतून पाणी उठतं, घागरीत शिरतं. घागर भरते आणि बाई डोळे उघडते.

"डोळ्यांचं आधी ठरवलं होतं?" सरांनी विचारलं.

"न्हाई सर. तिला बघवंना."

सरांनी कागदावर सिदूचं नाव लिहिलं. माझा नमुना त्यांनी शेवटपर्यंत पाहिला, एवढंच.

रविवारी सकाळी वडिलांनी सिदूला संस्थेत बोलावलं आणि तो व्हिडिओ सगळ्यांना दाखवायला लावला. दूध घालायला आलेली माणसं कॉम्प्युटरभोवती गोळा झाली. पहिलं नाव सिदूचं. खाली कॅमेरा, उत्तरेश्वर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला ते सोसवेना, मी मागच्या दारानं बाहेर पडलो.

म्हाळू पिंप कलतं करत होता. पांढुरकं पाणी चरातून वाहत चाललं होतं. माझ्या मागोमाग भिवराबाई आली, हातात दूध घालून रिकामी झालेली चरवी. ती थबकली.

"ह्ये रोज सांडतंय?"

"रोजच," म्हाळू म्हणाला. "सोड्याचं हाय मावशी, काय कामाचं न्हाई. उत्रेश्वरला इचारा, त्याच्याच म्होरं तर वततो."

ती पाण्याकडं बघत राहिली. मग माझ्याकडं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी मान खाली घातली, तेवढ्यात तिला जे कळायचं ते कळलं.

"सिदूला सांगू नगंस," ती हळू आवाजात म्हणाली. "तुला लई मानतोय त्यो."

आतून सिदूची हाक आली, "उत्र्या, ये की बे. सचिवसाहेब पुन्हा लाव म्हनत्यात."

भिवराबाई चरवी घेऊन निघून गेली. मी आत गेलो. पाणी पुन्हा एकदा घागरीत चढलं, तिनं डोळे उघडले, आणि ती थेट माझ्याकडं बघत होती.