दारावरचं प्लास्टिक

साइटवर तिला सगळे बुरशीवाल्या ताई म्हणायचे. "चला, निदान ताई तरी म्हणता," असं म्हणून ती हसण्यावारी न्यायची. तिचा नवरा त्याच इमारतीत रंगारी होता. ती ओलसर खोल्या साफ करून द्यायची, मग तो रंग लावायचा.

दुसऱ्या मजल्यावर भिंतीतला पाइप फुटला आणि कोपऱ्यातल्या दोन खोल्यांत भिंतींवर ठोकलेल्या जिप्समच्या पाट्यांमागे पाणी मुरत राहिलं. कळलं तोवर काळीहिरवी बुरशी छतापर्यंत चढली होती. तिनं दारांवर जाड प्लास्टिक चिकटवलं, हवा बाहेर फेकणारा पंखा खिडकीत बसवला, घट्ट मास्क आणि चष्मा चढवला. बुरशीची धूळ उडू नये म्हणून आधी पाणी फवारायचं, मग पाटी कापायची, तुकडे आतच पिशवीत बांधायचे. एक खोली तिनं अशी उघडी केली. पाट्यांमागच्या चौकटीचं लाकूड सुकायचं होतं. दुसऱ्या खोलीला अजून हात लागला नव्हता.

तेवढ्यात घरमालक फ्लॅट बघायला येणार असं ठरलं. सुपरवायझरनं रंगाऱ्याला चहाच्या वेळी गाठलं.

"तुमच्या मिसेसनं तर खोलीचं ऑपरेशन थिएटर करून टाकलंय. ती दुसरी खोली तुम्हीच उरका. पुढच्या इमारतीला मला रंगाचा मुकादम लागणारच आहे."

घरी आल्यावर त्यानं विषय काढला. "घासून रंग मारला तर काय बिघडतं?"

"कोरडी घासलीस तर सगळी तुझ्या छातीत जाईल. हात लावू नकोस."

"बरं बाई, नाही लावत."

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरनं तिला रस्त्यापलीकडच्या इमारतीत पाठवलं. संध्याकाळी ती परत आली तर प्लास्टिक जिन्यात चुरगळून पडलं होतं. दुसऱ्या खोलीत पांढरा रंग चमकत होता, आणि तो लवकर सुकावा म्हणून लावलेला पंखा सगळ्या मजल्यावर वारा घालत होता. नवरा नाकाला रुमाल बांधून ब्रश धूत होता. त्याच्या भुवयांवर हिरवट भुकटी बसली होती.

"नुसता रुमाल?" एवढंच ती म्हणाली.

"कटकट करू नकोस. झालं ना काम?"

आधी ताप आला, मग खोकला. जिना चढताना तो मध्येच थांबून कठडा धरू लागला. डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहून सांगितलं, फुप्फुसं सुजलीत, पुन्हा धुळीत आणि रंगात जायचं नाही. मुकादमकीचं नाव कुणी काढलं नाही.

इकडे नव्या रंगातून बुरशी पुन्हा वर आली. घरमालकांनी आरडाओरडा केला, तेव्हा सुपरवायझरनं दोघांना ऑफिसात बोलावलं.

"साफसफाई नीट झाली नाही, दुसरं काय!"

"त्या खोलीला मी हातच लावला नव्हता," ती म्हणाली. "प्लास्टिक कुणी काढलं ते विचारा."

सुपरवायझरनं तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. "सांगा. खोली कोणाच्या ताब्यात होती?"

तो फरशीकडे बघत म्हणाला, "तिच्याच."

तिचं काम गेलं. बुरशीचं काम बिघडवणारी बाई म्हणून नाव झालं, आसपासच्या साइटवर कुणी तिला उभं करेना. त्याला मात्र त्याच इमारतीच्या गेटवर बसायची नोकरी मिळाली. खुर्ची, छत्री, शिट्टी.

पहिल्या दिवशी तो डबा घेऊन निघाला तेव्हा तिनं दार अडवलं. इतके दिवस ती कामापुरतंच बोलत होती.

"ऑफिसात खोटं का बोललास?"

"खरं सांगितलं असतं तर सुपरवायझरचंच नाव आलं असतं, त्यानं दोघांनाही घरी बसवलं असतं. एकाचं तरी टिकायला हवं होतं ना?"

"हो. मग माझं का नाही? माझी छाती धड आहे. मी अजून काम करू शकत होते."

त्याला खोकल्याची उबळ आली. तो भिंतीला टेकला. तिनं आतून पाणी आणून त्याच्या हातात दिलं. तो पिईपर्यंत थांबली, भांडं घेतलं आणि दारातून बाजूला झाली.

"जा," ती म्हणाली. "उशीर होईल."