जिन्यावरची स्वयंपाकीण

वर्गात आपणच सगळ्यात हुशार, असं नेवाला नुकतंच वाटायला लागलं होतं, आणि एकदा तसं वाटायला लागलं की माणसाला किती बोलू नि किती नको असं होतं! झाग्रेब शहरातल्या तिच्या चित्रशाळेत दर गुरुवारी म्हातारे प्रोफेसर लोव्रेंचिच अ‍ॅनिमेशन शिकवायला यायचे. त्यांच्या तरुणपणीच्या फिल्म मुलं एकेक चित्र थांबवून बघत. आता त्यांनी नवी छोटीशी फिल्म काढायला घेतली होती. एक जाडी स्वयंपाकीण सुपाचं पातेलं घेऊन जिना चढते, बस. मुख्य चित्रं ते घरून काढून आणायचे आणि दोन चित्रांच्या मधली हालचाल मुलांनी काढायची. फिल्मच्या शेवटी त्यांच्या नावाखाली आपलं नाव यावं, हे नेवाचं स्वप्न साऱ्या वर्गाला पाठ होतं.

पण या चित्रांतली रेष थरथरत होती. स्वयंपाकिणीची हनुवटी, तिचा अ‍ॅप्रन, पातेल्याचे कान, सगळ्यावर बारीक लहरी. जुन्या फिल्ममध्ये तर त्यांची रेष तारेसारखी गुळगुळीत असायची.

"नवी शैली आहे ती!" नेवानं जाहीर करून टाकलं. "रेष सतत जिवंत राहावी म्हणून. पेन्सिल अशी मागे धरा, सैल. आणि मनगट हलवत राहा."

"मला तर बाईला थंडी वाजलेली दिसतेय," दुये म्हणाला. तो समुद्राकाठच्या स्प्लिट शहरातला, त्याला कशाचंच गांभीर्य नाही. "आधी स्वेटर घालूया का तिला?"

"गप रे! कळत नसेल तर नुसतं काढ."

सगळ्यांनी काढलं. नेवानं तर सगळ्यात जास्त थरथरवलं.

पुढच्या गुरुवारी भिंतीवर फिल्म लावली. स्वयंपाकीण नखशिखांत लटलटत जिना चढली आणि पोरांनी टाळ्या पिटल्या. प्रोफेसर म्हणाले, "परत लावा." परत लावली.

"ही थरथर कुणाची कल्पना?"

"माझी!" नेवानं हातसुद्धा वर केला. "म्हणजे तुमचीच, प्रोफेसर. मी फक्त ओळखली."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग उजवा हात उचलून प्रोजेक्टरच्या उजेडात धरला. भिंतीवर बोटांची मोठी सावली पडली, आणि ती थेट त्या अ‍ॅप्रनसारखी हलत होती.

"हो, माझीच आहे," ते म्हणाले. "औषधानं जरा कमी होते."

कुणी हसलं नाही. दुयेसुद्धा नाही. नेवाचा हात अजून वरच होता. तो खाली कसा आणायचा तेच तिला कळेना.

त्यानंतरच्या गुरुवारी प्रोफेसर आले नाहीत. फिल्म राहू द्या, असा निरोप आला. वर्गात कुणी तिला काही बोललं नाही, आणि तेच जास्त लागलं. म्हाताऱ्या माणसाचं दुखणं आपण भिंतीएवढं मोठं करून दाखवलं आणि वर टाळ्या मिळवल्या! जेवताना, ट्राममध्ये, दात घासताना हेच आठवायचं आणि कान तापायचे.

शेवटी तिनं सगळी चित्रं नव्यानं काढली, गुळगुळीत, त्यांच्या जुन्या फिल्मसारखी. ती घेऊन त्यांच्या घरी गेली. पाठ केलेली माफी दारातच विसरली.

"मला वाटलं... मला खरंच..." एवढंच झालं आणि रडू फुटलं.

"आत ये. कागद फडफडव. माझ्याच्यानं होत नाही."

तिनं गठ्ठा अंगठ्यानं भरभर सोडला. स्वयंपाकीण चढली. ते वाकून बघत होते.

"रेष बरी आहे. पातेलं रिकामं आहे, ओझं असल्यासारखी ती चढतच नाही."

"काय?"

"आधीही रिकामंच होतं. माझा हात एवढा निरखलास पोरी, आणि सूप बघायचं राहूनच गेलं!"

त्यांनी तिच्याकडून स्वयंपाकघरातलं सगळ्यात मोठं पातेलं पाण्यानं काठोकाठ भरून घेतलं आणि तिला जिन्यावर धाडलं. खाली जायचं, वर यायचं. शेजारच्या बाईंनी दार उघडलं.

"काय हो लोव्रेंचिच, पोरीला शिक्षा कसली?"

"शिक्षा नाही, अभ्यास आहे."

नेवाला वाटलं, बाईंचंच बरोबर आहे. दुसऱ्या खेपेला कोपरं लटलटायला लागली, पाणी हिंदकळून बुटात गेलं.

"थांब! थरथर कुठून निघाली?"

"खांद्यातून. नाही... पाठीतून."

"मग चित्रात ती काढ. माझी कशाला काढायची?" ते पायरीवर बसले. "मुख्य चित्रंही आता तूच काढ. मी बोलून सांगेन. नाव दोघांचं टाकू."

जे हवं होतं ते हेच. पण ते असं मिळायला नको होतं, त्यांचा हात असा नसता तर मिळालंही नसतं. पातेलं धरून ओल्या बुटांनी ती पायरीवर तशीच उभी राहिली.

"पाणी थंड होईल," प्रोफेसर म्हणाले.

"थंडच आहे, प्रोफेसर."

"सूप आहे ते. चढ."